डी.ए. नरम पडले म्हणून न्यूयॉर्क बिघडलं?

न्यूयॉर्कचा विषय निघाला की मराठी घरांत, मग ते घर पुण्यात असो की अमेरिकेतल्या एडिसनमध्ये, एक निकाल तयारच असतो: पोलीस पकडतात आणि डी.ए. सोडून देतो, म्हणून ते शहर बिघडलं. डी.ए. म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, तिथला जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील. दुकानातल्या वस्तू उचलून पळणाऱ्या पोरांची चित्रफीत फोनवर येते आणि ती पुढे पाठवताना कोणीतरी खाली लिहितं की सरकारी वकील निवडणुकीने निवडायचे ठरवलं तर दुसरं काय होणार. हे मत इतकं सरसकट झालं आहे की ते एकदा तपासून पाहावं असंही कोणाला वाटत नाही. ते नुसतं चुकीचं असतं तर दुर्लक्ष करता आलं असतं. पण ते अपायकारक आहे. सरकारी वकिलाने काय करायचं असतं याविषयीची एक समजूत त्याच्या पोटात आहे, आणि ती मान्य केली की निरपराध माणूस तुरुंगात जाण्याची वाट मोकळी होते.

हे मत मांडणाऱ्यांचं म्हणणं आधी पूर्ण ऐकून घेऊ. ते म्हणतात: मोठं शहर म्हणजे अनोळखी माणसांची गर्दी, तिथे शेजाऱ्याची लाज उपयोगी पडत नाही, फक्त धाक उपयोगी पडतो. धाक बसतो तो शिक्षेच्या खात्रीने. पोलीस जीव धोक्यात घालून आरोपी पकडून आणतात, तेव्हा सरकारी वकिलाने जास्तीत जास्त कलमं लावावीत आणि शिक्षा मिळवावी. जितक्या शिक्षा जास्त, तितकी शहराची सेवा मोठी. ‘हा खटला मी चालवणार नाही’ असं म्हणणारा वकील जनतेच्या पैशावर पगार घेऊन जनतेचंच काम टाळतो, आणि तेही मतांसाठी. त्यात न्यूयॉर्कसारख्या एकाच शहरात असे पाच जण, पाच धोरणं. त्यापेक्षा वरून नेमलेला एकच खमका सरकारी वकील असता तर शहर ताळ्यावर आलं असतं. हे म्हणणं ऐकायला सरळ वाटतं. पुराव्यासमोर त्यातला एकही भाग टिकत नाही.

मुळात हे पाच जण आले कुठून? आजचं न्यूयॉर्क शहर 1898 मध्ये पाच भाग एकत्र करून घडलं, पण मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड हे पाच भाग पाच स्वतंत्र काउंटी म्हणजे जिल्हे आहेत, आणि प्रत्येकाचा डी.ए. वेगळा आहे. न्यूयॉर्क राज्यात 1846 च्या राज्यघटनेपासून डी.ए. लोकांच्या मतांनी निवडला जातो. मुदत चार वर्षांची. 2020 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 88 लाख होती. त्यात एकट्या ब्रुकलिनची 27 लाखांच्या वर, तर स्टेटन आयलंडची 5 लाखांच्या आत. या पाच वकिलांना पैसा शहराच्या अंदाजपत्रकातून मिळतो, पण महापौर त्यांचा वरिष्ठ नाही आणि पोलीस आयुक्तही नाही. पोलिसांनी आणलेल्या प्रकरणात आरोप ठेवायचा की नाही, कोणता ठेवायचा, जामिनाला विरोध करायचा का, गुन्हा कबूल केल्यास किती शिक्षेवर तडजोड करायची, हे डी.ए. ठरवतो. अमेरिकेत राज्यांच्या न्यायालयांतल्या गंभीर गुन्ह्यांपैकी दहापैकी नऊहून अधिक शिक्षा खटला न चालता अशा तडजोडीतूनच होतात. चित्रपटात दिसणारी ज्युरी, उलटतपासणी, निकालाचा क्षण हे सगळं क्वचित घडतं. बहुतेक माणसांचं भवितव्य डी.ए.च्या कार्यालयातल्या एका कनिष्ठ वकिलाच्या टेबलावर ठरतं. हा अधिकार किती मोठा आहे हे ध्यानात घेतलं की ‘त्याचं काम एवढंच की शिक्षा मिळवायची’ हे वाक्य किती तोकडं आहे ते कळतं.

आता पहिला आरोप, डी.ए. नरम पडले आणि गुन्हे वाढले. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक किरकोळ आणि अहिंसक गुन्ह्यांसाठी रोख जामीन बंद झाला तो 1 जानेवारी 2020 पासून, आणि तो बंद केला राज्याच्या विधिमंडळाने, 2019 मध्ये कायदा बदलून. आरोपीला सोडायचं की ठेवायचं याचा आदेश न्यायाधीश देतो. ज्या निर्णयाचा राग लोक डी.ए.वर काढतात तो बऱ्याचदा त्याने घेतलेलाच नसतो. 2020 मध्ये खून वाढले हे खरं आहे, पण ते साऱ्या अमेरिकेत वाढले, एका वर्षात जवळपास 30 टक्क्यांनी. कडक म्हणून मिरवणारे सरकारी वकील जिथे होते तिथेही वाढले आणि मवाळ म्हणवले जाणारे होते तिथेही. न्यूयॉर्क शहरात 2019 मध्ये 320 च्या आसपास खून झाले होते. 2021 मध्ये ते 480 च्या वर गेले. ज्यांच्यावर आज सर्वाधिक राग निघतो ते मॅनहॅटनचे डी.ए. आल्विन ब्रॅग पदावर आले जानेवारी 2022 मध्ये. आल्या आल्या त्यांनी आपल्या वकिलांना एक लेखी सूचना दिली: तिकीट न काढता भुयारी रेल्वेत शिरणं यांसारख्या गुन्ह्यांत सहसा खटला नको आणि तुरुंगाची मागणी गंभीर गुन्ह्यांसाठी राखून ठेवा. गदारोळ झाला. पोलीस आयुक्तांनी नाराजी नोंदवली आणि फेब्रुवारीत ब्रॅग यांना त्या सूचनेतले काही भाग दुरुस्त करावे लागले. त्यानंतरच्या तीन वर्षांत शहरातले खून दरवर्षी कमी झाले आणि 2024 मध्ये ते 400 च्या खाली होते. ही घट ब्रॅग यांच्यामुळे झाली असं मी म्हणत नाही, कारण एका डी.ए.च्या परिपत्रकाने 88 लाखांच्या शहरातले खून वाढत नाहीत आणि घटतही नाहीत. पण मग ज्यांनी वाढीचा दोष त्याच्या माथी मारला त्यांनी घटीच्या वेळी गप्प का बसावं? आणि बिनतिकीट प्रवाशांवरचे बहुतेक खटले मॅनहॅटनमध्ये थांबवले होते ब्रॅग यांच्या आधीचे डी.ए. सायरस व्हान्स यांनी, 2018 मध्ये. तेव्हा शहरातले खून कित्येक दशकांतल्या सर्वात खालच्या पातळीवर होते.

याहून मोठा पुरावा नव्वदच्या दशकातला आहे. 1990 हे न्यूयॉर्कचं सर्वात रक्तरंजित वर्ष, एका वर्षात 2,200 हून अधिक खून. त्याच वर्षी ब्रुकलिनचे डी.ए. चार्ल्स हाइन्स यांनी अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या आणि पुन्हा पुन्हा पकडल्या जाणाऱ्या आरोपींना तुरुंगाऐवजी दीर्घकाळच्या निवासी उपचाराला पाठवण्याची योजना सुरू केली. ब्राँक्समध्ये रॉबर्ट जॉन्सन डी.ए. होते, आणि राज्याने 1995 मध्ये फाशी परत आणल्यावरही त्यांनी तिला उघड विरोध केला. आजच्या भाषेत हे दोन्ही निर्णय ‘नरम’ ठरतील. त्या दशकात खून पाचही भागांत घटले, ब्रुकलिनमध्ये आणि ब्राँक्समध्येही. 2017 मध्ये साऱ्या शहराचा आकडा 300 च्या खाली होता. या घटीमागे पोलिसांच्या कामाची पद्धत होती, क्रॅक कोकेनची ओसरलेली लाट होती, सुधारलेली अर्थव्यवस्था होती. अभ्यासक त्यांच्या वाट्याविषयी अजून भांडतात. फाशी न मागणाऱ्या वकिलाच्या जिल्ह्यात खून वाढले, असं मात्र आकडे सांगत नाहीत.

पण माझा खरा वाद दुसऱ्या मुद्द्याशी आहे: शिक्षांची संख्या ही शहराच्या सेवेची मोजपट्टी, या समजुतीशी. 19 एप्रिल 1989 च्या रात्री मॅनहॅटनच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका तरुणीवर बलात्कार झाला आणि तिला मेलेली समजून टाकून दिलं गेलं. शहर हादरलं. 14 ते 16 वर्षांची पाच कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं पकडली गेली. तासन्‌तास चौकशी होऊन त्यांच्यापैकी चौघांचे कबुलीजबाब चित्रित झाले. लोक शिक्षेची वाट पाहायलाही तयार नव्हते. डोनाल्ड ट्रम्प यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन फाशी परत आणण्याची मागणी केली. घटनास्थळी मिळालेला डीएनए पाचांपैकी एकाशीही जुळला नाही. हे खटला चालण्याआधी ठाऊक होतं. तरी मॅनहॅटन डी.ए.च्या कार्यालयाने खटला नेटाने लढवला आणि 1990 मध्ये पाचही जण दोषी ठरले. ‘जितक्या शिक्षा तितकी सेवा’ या हिशेबात ती पाच मोठी यशं होती. 2002 मध्ये तुरुंगातल्या एका सराईत बलात्काऱ्याने आपणच तो गुन्हा केल्याचं सांगितलं आणि डीएनए त्याच्याशी जुळला. डी.ए. रॉबर्ट मॉर्गेन्थॉ यांच्या कार्यालयानेच शिफारस केली आणि न्यायालयाने पाचही शिक्षा रद्द केल्या. 2014 मध्ये शहराने त्या पाचजणांना 4 कोटी 10 लाख डॉलर भरपाई दिली, तीही करदात्यांच्या पैशातून. ही गोष्ट निरपराधांवरच्या अन्यायाची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिचा दुसरा भाग धाकाची भाषा बोलणाऱ्यांनी नीट ऐकायला हवा. ती पाच मुलं कोठडीत होती त्या उन्हाळ्यात खरा गुन्हेगार त्याच शहरात मोकळा होता. जूनमध्ये त्याने एका गरोदर बाईचा खून केला. इतर बायकांवर बलात्कार केले. ऑगस्टमध्ये तो दुसऱ्या गुन्ह्यांसाठी पकडला गेला, तोवर सेंट्रल पार्कचं प्रकरण पोलिसांच्या आणि वकिलांच्या लेखी उलगडलेलं होतं. चुकीच्या माणसाला दोषी ठरवणं हा कडकपणा आहे का? की तेच गुन्हेगाराला दिलेलं सर्वात मोठं अभय आहे?

हे एकच प्रकरण आहे, अपवाद आहे, असं उत्तर मला ठाऊक आहे. अपवाद असता तर बरं झालं असतं. ब्रुकलिनमध्ये हाइन्स 24 वर्षं पदावर होते. उपचारांची योजना त्यांची, आणि खोट्या पुराव्यावर झालेल्या खुनाच्या शिक्षाही त्यांच्याच कार्यालयाने मिळवलेल्या. एका पोलीस डिटेक्टिव्हने तपासलेल्या जुन्या खुनांच्या प्रकरणांत साक्षीदार आणि कबुलीजबाब यांविषयी गंभीर संशय निर्माण झाले आणि 2013 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मतदारांनी हाइन्स यांना घरी पाठवलं. त्यांच्या जागी आलेले केनेथ थॉम्पसन यांनी जुन्या शिक्षा पुन्हा तपासणारा विभाग उभा केला. 2016 मध्ये आजाराने त्यांचं निधन होईपर्यंत वीसहून अधिक शिक्षा रद्द झाल्या होत्या. त्यांच्यानंतरचे डी.ए. एरिक गोन्झालेझ यांनी ते काम पुढे चालवलं. 2020 मध्ये त्यांच्या कार्यालयाने अशा 25 प्रकरणांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या माणसांनी तुरुंगात काढलेल्या वर्षांची बेरीज 426 आहे. 426 वर्षं निरपराध माणसं आत, आणि गुन्हा दुसऱ्याने केला होता तिथे खरा गुन्हेगार बाहेर. शिक्षांचा आकडा मोजणाऱ्या पद्धतीत या सगळ्या नोंदी वर्षानुवर्षं जमेच्या बाजूला होत्या. एका सरकारी कार्यालयाने स्वतःच्या चुका शोधून त्या छापून जाहीर केल्या, हे मला या शहराच्या अलीकडच्या इतिहासातलं मोठं काम वाटतं. त्याला कोणी ‘गुन्हेगार सोडणं’ म्हणत असेल तर त्याने त्या 25 पैकी एक तरी प्रकरण वाचावं.

शिक्षा कशा मिळत होत्या तेही पाहायला हवं. 2020 पर्यंत न्यूयॉर्कच्या कायद्यानुसार सरकारी वकील साक्षीदारांचे जबाब आणि पोलिसांची कागदपत्रं खटला उभा राहीपर्यंत आरोपीपासून लपवून ठेवू शकत असे. पुढ्यात काय पुरावा आहे हे न कळता आरोपीने तडजोड स्वीकारायची की नाही ते ठरवायचं. कडकपणासाठी नावाजलेल्या टेक्सासने ही पद्धत 2013 मध्येच कायद्याने मोडीत काढली. न्यूयॉर्कला त्यासाठी आणखी सहा वर्षं लागली. 2010 मध्ये ब्राँक्समध्ये 16 वर्षांच्या एका मुलाला पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडलं. घरच्यांना जामिनाची रक्कम भरता आली नाही. तो रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं खटल्याची वाट पाहत राहिला, त्यातला मोठा काळ एकांत कोठडीत. दर तारखेला सरकारी बाजू तयार नसे. गुन्हा कबूल कर आणि घरी जा, असंही त्याला सुचवलं गेलं, त्याने नकार दिला. 2013 मध्ये खटला काढून टाकण्यात आला. 2015 मध्ये त्या मुलाने आत्महत्या केली. हे घडलं तेव्हा ब्राँक्सचे डी.ए. तेच रॉबर्ट जॉन्सन होते, फाशीला विरोध करणारे. म्हणून मी कोणा डी.ए.ची आरती ओवाळत नाही. पुरावा वेळेत देण्याचा नवा नियम आला तेव्हा शहरातल्या डी.ए. कार्यालयांनी कामाच्या बोजाची तक्रार केली, आणि 2025 मध्ये राज्याने तो नियम काहीसा सैल केला. माझ्या मते ती चूक झाली. पण ‘नरमपणाने शहर बुडवलं’ म्हणणारे या दिरंगाईबद्दल, या लपवाछपवीबद्दल कधी बोलतात का? पिशवीच्या एका आरोपासाठी तीन वर्षं कोठडी, हे त्यांच्या दृष्टीने पुरेसं कडक होतं का?

खटला न चालवण्याचा निर्णय हा कामचुकारपणा आहे, हा त्यांचा आवडता ठपका. बॉस्टन शहर ज्या सफोक काउंटीत येतं तिथल्या अनेक वर्षांच्या नोंदींवर तीन संशोधकांनी अभ्यास केला. किरकोळ, अहिंसक गुन्ह्यातला आरोपी कोणत्या सरकारी वकिलासमोर जातो हे बरंचसं योगायोगावर ठरत होतं, आणि काही वकील इतरांपेक्षा खटला न चालवण्याकडे अधिक झुकणारे होते. त्यामुळे एकसारख्या दोन आरोपींची तुलना शक्य झाली. ज्यांच्यावर खटला चालला नाही त्यांच्यावर पुढच्या दोन वर्षांत नवा गुन्हा नोंदला जाण्याची शक्यता निम्म्याहून अधिक कमी निघाली. हे फक्त काठावरच्या प्रकरणांबद्दल आहे, असा आक्षेप येईल. अगदी बरोबर, काठावरच्याच प्रकरणांबद्दल आहे, आणि डी.ए.ची विवेकबुद्धी तिथेच लागते. खुनाचा खटला चालवायचा की नाही याबद्दल कुठल्याही डी.ए.च्या कार्यालयात वाद होत नाही. पहिल्यांदा पकडलेल्या पोराच्या नावावर गुन्ह्याची नोंद चढवून त्याची पुढची नोकरी, घर, शिक्षण अडवायचं का, यावर वाद होतो. 2011 मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी थोडा गांजा बाळगल्याबद्दल 50 हजारांहून अधिक लोकांना अटक केली. त्यांतले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, जरी गांजा ओढणारे सगळ्या वर्णांचे होते. 2014 मध्ये थॉम्पसन यांनी ब्रुकलिनमध्ये अशा बहुतेक अटकांवर खटले चालवायचं थांबवलं. त्या खटल्यांतून सुटलेला वेळ आणि माणसं खुनाच्या तपासाला मिळणं हे शहराच्या फायद्याचं की तोट्याचं? मॅनहॅटनच्या कार्यालयाने निर्बंध मोडणाऱ्या परदेशी बँकांकडून वसूल केलेल्या दंडातून 3 कोटी 80 लाख डॉलर देशभरातल्या पोलीस खात्यांना दिले, वर्षानुवर्षं न तपासता पडून राहिलेले बलात्काराच्या पुराव्याचे संच तपासण्यासाठी. मोठ्या शहराचा सरकारी वकील कोणाच्या मागे लागतो, रेल्वेच्या फाटकावरून उडी मारणाऱ्याच्या की बँकेच्या, ही निवड त्याला करावीच लागते. ती न करण्याचा पर्याय कोणालाच नसतो.

यातली एक गोष्ट अमेरिकेतल्या मराठी माणसाला थेट लागू आहे आणि तोच ती विसरतो. तिथे नागरिकत्व नसलेल्या माणसाला अमली पदार्थ बाळगल्याची शिक्षा झाली तर मायदेशी परत पाठवलं जाऊ शकतं, मग त्याने ग्रीन कार्डावर वीस वर्षं काढलेली असोत. न्यायालयाची शिक्षा काही दिवसांच्या समाजसेवेची असेल, पण त्या नोंदीमुळे घर, संसार, मुलांची शाळा सगळं उखडलं जाऊ शकतं. 2017 मध्ये ब्रुकलिनच्या डी.ए. कार्यालयाने स्थलांतराच्या कायद्याचे जाणकार वकील नेमले, ते यासाठी की आरोप ठरवताना असा गुन्ह्याच्या मानाने अतोनात मोठा परिणाम टाळता येतो का ते पाहिलं जावं. आपल्या ओळखीच्या मुलाने विशीत एकदा मूर्खपणा केला तर आपल्याला असाच डी.ए. हवासा वाटेल. दुसऱ्याच्या मुलासाठी मात्र आपण कडक डी.ए. मागतो.

आता पाच डी.ए. आणि निवडणूक. पाच तोंडं म्हणून शहराचा कारभार विस्कटतो, हे खरं नाही. जिथे शहरभर एकच हात हवा होता तिथे तो आहे: अमली पदार्थांच्या गंभीर गुन्ह्यांसाठी 1971 च्या कायद्याने पाचही काउंटींमध्ये चालणारा एक विशेष सरकारी वकील निर्माण केला गेला आणि त्याची नेमणूक पाच डी.ए. मिळून करतात. बाकी ठिकाणी वेगळेपण उपयोगी आहे. स्टेटन आयलंड हा शहरातला सर्वात पुराणमतवादी भाग. तिथले डी.ए. मायकल मॅकमहॉन जामिनाच्या नव्या कायद्याचे टीकाकार. पण ओपिऑइड या अफूसारख्या अमली पदार्थांच्या साथीत तिथली तरुण मुलं मरू लागली तेव्हा अमली पदार्थ बाळगताना सापडलेल्यांना न्यायालयात उभं करण्याआधीच उपचाराकडे वळवण्याची योजना त्यांनीच 2017 मध्ये सुरू केली. आपल्या माणसांचं दुःख समोर दिसलं की कडक बोलणारा डी.ए.सुद्धा तुरुंगापलीकडचा विचार करतो. एकच डी.ए. असण्याचा प्रयोग पाहायचा असेल तर लॉस एंजेलिस काउंटीत पाहा. सुमारे 1 कोटी लोकांना एक डी.ए. 2020 मध्ये जॉर्ज गॅस्कोन आले तेव्हा साऱ्या काउंटीचं धोरण एका बाजूला गेलं, 2024 मध्ये ते हरले तेव्हा दुसऱ्या बाजूला. त्याला स्थैर्य कसं म्हणायचं?

निवडणुकीचे दोष मी नाकारत नाही, पण ते आरोप करणाऱ्यांनी सांगितलेले दोष नाहीत. मॅनहॅटनमध्ये 1942 पासून 2009 पर्यंतचा जवळजवळ सगळा काळ दोनच माणसांनी पदावर काढला, फ्रँक होगन आणि रॉबर्ट मॉर्गेन्थॉ यांनी. क्वीन्समध्ये रिचर्ड ब्राउन 28 वर्षं होते. 2017 मध्ये, चित्रपट निर्माता हार्वी वाइनस्टीनवर 2015 मध्येच खटला का भरला नाही म्हणून व्हान्स यांच्यावर टीकेची झोड उठली होती, तेव्हा मॅनहॅटनच्या मतपत्रिकेवर त्यांच्यासमोर एकही उमेदवार नव्हता. आणि रोज पोलिसांच्या साक्षीवर ज्याचे खटले उभे राहतात त्याच्याकडून पोलिसांवरच्या खटल्यात निःपक्षपातीपणाची अपेक्षा करणं कठीण असतं. 2014 मध्ये स्टेटन आयलंडवर पोलिसांच्या पकडीत एरिक गार्नर गुदमरून मेला आणि डी.ए. डॅनियल डोनोव्हन यांनी प्रकरण नेलेल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवला नाही. काही महिन्यांतच डोनोव्हन काँग्रेसवर निवडून गेले. पण यावर उपाय निघाला तो नेमका होता: 2015 मध्ये राज्यपालांच्या आदेशाने आणि 2020 मध्ये कायद्याने अशी प्रकरणं राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे गेली. दोष दिसला तिथे तो काढला. साऱ्या पदाचं लोकांपासूनचं नातं तोडायची गरज पडली नाही.

वरून नेमलेला खमका वकील हवा म्हणणाऱ्यांनी याच शहरातलं अलीकडचं एक उदाहरण पाहावं. सप्टेंबर 2024 मध्ये महापौर एरिक अ‍ॅडम्स यांच्यावर केंद्र सरकारच्या वकिलांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी नेमायच्या पदांवरच्या वकिलांनी, लाचखोरीचे आरोप ठेवले. फेब्रुवारी 2025 मध्ये वॉशिंग्टनहून खटला मागे घेण्याचा आदेश आला. न्यूयॉर्कमधल्या त्या कार्यालयाच्या प्रभारी प्रमुख डॅनिएल सासून यांनी तो पाळण्याऐवजी राजीनामा दिला. इतरही काहींनी दिला. एप्रिलमध्ये न्यायाधीशांनी खटला कायमचा बंद केला. नेमलेल्या वकिलाच्या पाठीचा कणा ताठ असला तरी त्याच्या हाती राजीनाम्यापलीकडे काही उरत नाही, कारण मालक दुसरा असतो. 1996 मध्ये ब्राँक्सचे जॉन्सन पोलिसाच्या खुनाच्या प्रकरणात फाशी मागणार नाहीत असं दिसल्यावर राज्यपाल जॉर्ज पॅटाकी यांनी ते प्रकरण त्यांच्याकडून काढून घेतलं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. तरी जॉन्सन पदावर राहिले, कारण त्यांना नेमणारे ब्राँक्सचे मतदार होते. नेमलेला वकील कसा असतो हे खरं तर महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. आपल्याकडे सरकारी वकील राज्य सरकार नेमतं. खटला मागे घ्यायचा तर वकिलाने स्वतः विचार करून न्यायालयाची परवानगी मागावी असं कायदा सांगतो, जुन्या फौजदारी संहितेतल्या कलम 321 मध्ये आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या कलम 360 मध्येही. प्रत्यक्षात आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी काढले आणि वकिलांनी ते न्यायालयापर्यंत पोचवले. खासदार-आमदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत असं सर्वोच्च न्यायालयाला 2021 मध्ये बजावावं लागलं. मग आपण न्यूयॉर्कला कोणती पद्धत शिकवायला निघालो आहोत?

क्वीन्समध्ये 2019 ची डेमोक्रॅटिक प्रायमरी मेलिंडा कॅट्झ यांनी फेरमोजणीनंतर शंभराहून कमी मतांनी जिंकली. 24 लाखांच्या त्या भागात दक्षिण आशियातून आलेली माणसं मोठ्या संख्येने राहतात, त्यांत मराठीही आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांकडे मताचा अधिकार आहे. क्वीन्स, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड इथे डी.ए.ची पुढची निवडणूक 2027 मध्ये आहे, मॅनहॅटन आणि ब्रुकलिनमध्ये 2029 मध्ये. तिथे मत असलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माझं सांगणं आहे: प्रायमरीला जा, आणि उमेदवाराला त्याने किती जणांना शिक्षा लावल्या हे विचारू नका. जुन्या शिक्षा तपासणाऱ्या विभागात किती वकील आहेत ते विचारा. पुरावा आरोपीच्या वकिलाला किती दिवसांत मिळतो ते विचारा. पोलिसाचं खोटं पकडलं गेल्यावर त्याला पुन्हा साक्षीला उभं केलं का, ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर त्याला मत देऊ नका.